हरहुन्नरी की हरकाम्या?

मराठीत जवळपास एकाच माणसासाठी दोन शब्द आहेत. ज्याला सगळं येतं तो हरहुन्नरी, आणि ज्याला सगळं करायला लावतात तो हरकाम्या. पहिल्याचा सत्कार होतो, दुसऱ्याला नुसती हाक मारली जाते. शिवाय ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्याकडे तयार असतेच. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये या दोन शब्दांच्या बरोबर मधली एक नोकरी आहे. तिला म्हणतात ‘युटिलिटी इनफिल्डर’. यंदाच्या अंकात क्रिकेटवर लेख असणारच, तो लिहिणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. म्हणून मी या नोकरीचा आणि ती तेरा सीझन करणाऱ्या एका माणसाचा थोडा अभ्यास मांडतो आहे.

आधी मैदान समजून घेऊ. बेसबॉलचं आतलं मैदान, म्हणजे इनफिल्ड, हा ९० फूट बाजूचा चौरस असतो, एका कोपऱ्यावर उभा केलेला. खालच्या कोपऱ्यात बॅटर उभा राहतो. तिथून उजवीकडे फर्स्ट बेस, समोर सेकंड, डावीकडे थर्ड. बॅटरने चेंडू मारला की तो पळत फर्स्ट बेसला पोचायला बघतो. जमिनीवरून सरपटत आलेला चेंडू उचलून, तो पोचायच्या आत फर्स्ट बेसला फेकला की तो बाद. हे काम चौघांचं: फर्स्ट बेसमन, सेकंड बेसमन, थर्ड बेसमन, आणि सेकंड व थर्डच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप.

क्रिकेट बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय, आज पॉइंटला उभा राहिला, उद्या मिडविकेटला. पण इथे प्रत्येक जागेचं गणित वेगळं आहे. थर्ड बेसपासून फर्स्ट बेसपर्यंतचं अंतर म्हणजे चौरसाचा कर्ण. ९० गुणिले वर्गमूळ दोन, सव्वाशे फुटांपेक्षा थोडं जास्त. बॅटर ताशी १६० किलोमीटर वेगाने चेंडू मारू शकतो. असा चेंडू थर्ड बेसवाल्याकडे पाऊण सेकंदाच्या आत येतो. विचार करायला वेळच नाही, छातीवर घेऊन का होईना, पण अडवायचा आणि मग लांब फेकायचा. म्हणून त्या जागेला अमेरिकन लोक ‘हॉट कॉर्नर’ म्हणतात. सेकंड बेसवाल्याला फेक जवळची, पण एकाच चेंडूवर दोघांना बाद करायचं असेल, म्हणजे ‘डबल प्ले’, तर त्याला अंगावर धावत येणाऱ्या रनरकडे जवळजवळ पाठ करून, चेंडू घेऊन, गिरकी मारून फेकावं लागतं. शॉर्टस्टॉपला या दोघांचंही थोडं थोडं करावं लागतं, आणि तेही सगळ्यात मोठ्या पट्ट्यात. उजव्या हाताने खेळणारा बॅटर साधारण सव्वाचार सेकंदांत फर्स्ट बेस गाठतो. शॉर्टस्टॉपचं धावणं, वाकणं, चेंडू हातमोज्यातून काढणं आणि फेकणं, सगळं त्याच्या आत बसायला हवं. हातमोजेसुद्धा जागेप्रमाणे वेगळे. सेकंडवाल्याचा लहान, कारण चेंडू त्यातून झटकन निघाला पाहिजे. थर्डवाल्याचा मोठा. फर्स्ट बेसचा तर आकारच निराळा. युटिलिटी इनफिल्डरच्या बॅगेत म्हणून दोन-तीन हातमोजे असतात.

आता प्रश्न येतो की असा माणूस लागतोच कशाला? प्रत्येक जागेला एकेक राखीव माणूस ठेवावा. इथे बेरीज-वजाबाकी आडवी येते. मेजर लीगच्या संघात २०१९ पर्यंत सीझनच्या मुख्य भागात २५ जण असत, २०२० पासून २६ आहेत. ज्या काळाबद्दल मी पुढे लिहिणार आहे त्यातले २५ धरू. त्यातले अकरा-बारा पिचर. उरले तेरा-चौदा. त्यातले नऊ रोजचे खेळाडू गेले (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा एक धरून). म्हणजे बाकावर चार किंवा पाच. त्यातला एक राखीव कॅचर ठेवावाच लागतो, एक-दोन बाहेरच्या मैदानासाठी, एखादा नुसता बॅटिंगसाठी. इनफिल्डच्या चार जागांसाठी उरतो एकच माणूस. आणि बेसबॉलचा नियम असा की एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणजे ती चूक परत सुधारता येत नाही. आपल्याकडच्या बाराव्या खेळाडूसारखं नाही, की आला, चेंडू अडवले, पाणी दिलं आणि परत गेला. बेसबॉलमधला बदली खेळाडू आला की तो त्या जागेचा पूर्ण मालक. फिल्डिंग करायची आणि पाळी आली की बॅटिंगही करायची.

मेकॅनिकलवाल्यांना हे लगेच पटेल. चार मशीनना चार वेगळे सुटे भाग ठेवायला जागा नसेल, तर चारही मशीनना बसेल असा एकच भाग ठेवतात. तो कुठल्याही मशीनला शंभर टक्के नेमका बसत नाही, पण मशीन बंद पडू देत नाही. फरक इतकाच की सुटा भाग कपाटात वर्षभर पडून राहिला तरी त्याला काही वाटत नाही.

माझ्या मते इथेच ही नोकरी लोकांना नीट समजत नाही. युटिलिटी इनफिल्डर म्हणजे ज्याला कुठलीच जागा धड जमली नाही असा माणूस, असं समजलं जातं. पण चार जागांची फिल्डिंग हा त्या नोकरीचा सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे आठ दिवस न खेळता बसायचं, आणि नवव्या दिवशी आठव्या इनिंगमध्ये, थंड अंगाने, ताशी दीडशे किलोमीटरच्या चेंडूसमोर उभं राहायचं. रोज खेळणाऱ्याची लय खेळण्यातून टिकते. याला न खेळता टिकवावी लागते. उत्तम खेळाडूंनाही ते जमत नाही. हे वेगळं कौशल्य आहे, त्याचा पेपर वेगळा असतो.

आता आपला माणूस. नाव लुईस सोहो. व्हेनेझुएलाचा. त्या देशाने जगाला एकाहून एक शॉर्टस्टॉप दिले आहेत. लुईस अपारिसिओ १९८४ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, नंतर ओमार विस्केल आला. अशा परंपरेत सोहोने १९९० मध्ये टोरोंटो ब्लू जेजकडून पदार्पण केलं. दिसायला आखूड, भरदार, वयापेक्षा मोठा वाटणारा. खेळाडू कमी आणि शेजारचे काका जास्त. त्याच वर्षाच्या शेवटी टोरोंटोने त्याला कॅलिफोर्निया एंजल्सला दिलं. दोन वर्षांनी एंजल्सने त्याला परत टोरोंटोला दिलं. १९९४ मध्ये तो सिअ‍ॅटल मरिनर्सकडे गेला. हे ‘दिलं’, ‘घेतलं’ मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तिथे खेळाडूला विचारत नाहीत. सामान आवरायचं आणि जायचं. मोठ्या खेळाडूंची अदलाबदल पेपरात मोठ्या मथळ्याने येते, युटिलिटीवाल्याची एका ओळीत.

सिअ‍ॅटलला १९९५ मध्ये एक विचित्र सीझन झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला मरिनर्स एंजल्सच्या खूप मागे होते, आशा सोडावी इतके. मग ते जिंकत गेले, एंजल्स हरत गेले आणि शेवटी दोघे बरोबरीत आले. निर्णयासाठी २ ऑक्टोबर १९९५ ला एकच जादा सामना. मरिनर्सच्या संघाने तोपर्यंत कधीच प्लेऑफ पाहिलं नव्हतं. सोहो त्या दिवशी शॉर्टस्टॉप. त्या वर्षी त्याला भरपूर सामने मिळाले होते आणि त्याची सरासरीही चांगली होती, ०.२८९. सातव्या इनिंगमध्ये स्कोअर १-०, तिन्ही बेसवर मरिनर्सचे रनर, दोन आऊट, समोर एंजल्सचा अनुभवी पिचर मार्क लँगस्टन. सोहोने मारलेला चेंडू काही गगनभेदी नव्हता. उजव्या रेषेच्या कडेने सरपटत गेला, फर्स्ट बेसवाल्याच्या हाताला लागला नाही आणि मैदानाच्या कडेला राखीव पिचर बसतात त्या बाकाखाली शिरला. तो बाहेर काढेपर्यंत तिघे घरी पोचले. मग चेंडू आला तो लँगस्टनकडे, त्याने घाईत फेकला तो भलतीकडे, आणि स्वतः सोहोही घरी आला. रेडिओवरच्या समालोचकाचे ‘एव्हरीबडी स्कोअर्स’ हे दोन शब्द सिअ‍ॅटलमध्ये अजून लोकांना पाठ आहेत. लँगस्टन होम प्लेटजवळ उताणा पडून आकाशाकडे, म्हणजे खरं तर किंगडोमच्या छताकडे, बघत राहिला. सामना मरिनर्सने ९-१ असा जिंकला. आणि हरलेला संघ तोच, ज्याने सोहोला तीन वर्षांपूर्वी देऊन टाकलं होतं.

एवढं झाल्यावर आपल्याकडे निदान चौकात फ्लेक्स लागला असता. १९९६ च्या सीझनमध्ये काय झालं? सिअ‍ॅटलकडे अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ नावाचा शॉर्टस्टॉप होता. सीझन सुरू झाला तेव्हा वीस वर्षांचा, माझ्याच वयाचा. (मी वीस वर्षांचा असताना सबमिशनच्या फाइल वेळेवर देऊ शकत नाही, तो भाग सोडा.) त्याने त्या वर्षी ०.३५८ सरासरीने लीगमध्ये पहिला नंबर मिळवला. शॉर्टस्टॉपची जागा संपली. सोहोची बॅटही त्या वर्षी चालली नाही. ऑगस्टमध्ये सिअ‍ॅटलने त्याला ‘वेव्हर’वर टाकलं. याचा अर्थ असा की आम्हाला हा माणूस नको, कुणाला हवा असेल तर त्याने यादीतून उचलावा. न्यूयॉर्क यँकीजने उचलला. दोन महिन्यांनी यँकीजने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि ऑगस्टमध्ये नको असलेल्या माणसाच्या बोटात विजेत्याची अंगठी आली.

यँकीजकडे तेव्हा शॉर्टस्टॉपला डेरेक जीटर होता. जीटर सहसा विश्रांती घेत नसे. म्हणजे सोहो ज्या जागेवर सगळ्यात लहानपणापासून खेळला, तिथे त्याला जवळपास कधीच जागा मिळणार नव्हती. तरी १९९८ आणि १९९९ च्या विजेत्या संघांतही तो होता. कधी सेकंड, कधी थर्ड, कधी फर्स्टसुद्धा. १९९९ नंतर करार संपला. पुढच्या वर्षी तो पिट्सबर्गकडे दिसतो. तीन अंगठ्या असलेला माणूस तळाच्या संघात थर्ड बेसला.

आणि मग न्यूयॉर्कला एक भलतीच अडचण आली. यँकीजचा सेकंड बेसमन चक नॉब्लॉक हा मोठा खेळाडू, १९९७ मध्ये उत्तम फिल्डिंगसाठी गोल्ड ग्लव्ह मिळवलेला. त्याला सेकंड बेसवरून फर्स्ट बेसला फेकणं जमेना. मैदानावरची सगळ्यात जवळची, सगळ्यात सोपी फेक! हात चांगला, डोळे चांगले, पण फेकायच्या क्षणी काहीतरी अडकायचं. जून २००० मध्ये त्याची एक फेक फर्स्ट बेसच्या मागे प्रेक्षकांत गेली आणि कीथ ओल्बरमन या टीव्हीवरच्या निवेदकाच्या आईच्या तोंडावर लागली. व्हायवाला सगळं येत असून तोंड न उघडणारा विद्यार्थी ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजवायला नको. यँकीजने त्याच महिन्यात डॉजर्सकडून होसे विस्कायनो हा युटिलिटी इनफिल्डर आणला आणि ऑगस्टमध्ये पिट्सबर्गकडून सोहोला परत आणलं. एका कसलेल्या खेळाडूची न जमणारी फेक भरून काढायला दोन हरकाम्ये.

२००० ची वर्ल्ड सिरीज यँकीज विरुद्ध मेट्स, म्हणजे न्यूयॉर्क विरुद्ध न्यूयॉर्क. पहिला सामना बाराव्या इनिंगपर्यंत लांबला. तो संपवला विस्कायनोच्या हिटने. पाचवा सामना २६ ऑक्टोबरला मेट्सच्या शे स्टेडियमवर. यँकीज ३-१ असे पुढे. नववी इनिंग, स्कोअर २-२. मेट्सचा पिचर अल लायटर सुरुवातीपासून टाकत होता आणि या इनिंगमध्येही त्याने पहिल्या दोघांना स्ट्राइकआऊट केलं होतं. मग होर्हे पोसाडाने चिकाटीने चेंडू खेळत खेळत वॉक मिळवला. स्कॉट ब्रोशसने हिट मारली. आता सोहो. सुरुवातीच्या नऊ जणांत तो नव्हताच, आठव्या इनिंगमध्ये बदली म्हणून सेकंड बेसला आला होता. लायटरचा तो त्या रात्रीचा १४२वा चेंडू, आणि सोहोने खेळलेला पहिलाच. पुन्हा एक सरपटता चेंडू, टप्पे खात मधून, सेकंड बेसवाला आणि शॉर्टस्टॉपच्या मधून निसटलेला. पोसाडा घरी निघाला, सेंटर फिल्डमधून आलेली फेक त्याच्या अंगाला लागून उडाली, मागोमाग ब्रोशसही आला. ४-२. यँकीजचं सलग तिसरं विजेतेपद.

या दोन्ही फटक्यांबद्दल मला रोमँटिक व्हायचं नाही. दोन्ही कमजोर होते. चेंडू चार बोटं इकडेतिकडे गेला असता तर डबल प्ले सुद्धा नाही, साधा आऊट झाला असता आणि हे नाव मी ऐकलंही नसतं. त्यात आणखी एक गोष्ट: मेट्सचा नेहमीचा शॉर्टस्टॉप रे ऑर्डोनेझ, सलग तीन वर्षं गोल्ड ग्लव्ह मिळवलेला, मे महिन्यात हात मोडून सीझनबाहेर गेला होता. तो असता तर तो चेंडू अडला असता, असं मला वाटतं. तेव्हा फटका नशिबाचा, हे मान्य. पण दोन आऊट असताना, थकलेल्या डावखुऱ्या पिचरसमोर, एक उजवा बॅटर पहिल्याच चेंडूवर न बिचकता बॅट फिरवायला तयार होता, हा भाग नशिबाचा नव्हे. त्याच्यामागे बाकावर काढलेले शेकडो दिवस होते. मॅनेजर जो टॉरेने त्याला त्या जागी राहू दिलं तेही याच हिशोबाने.

सोहोची मेजर लीगमधली एकूण सरासरी ०.२६१ आणि होम रन ३६. आकड्यांनी बघितलं तर सामान्य. अर्थात या नोकरीतल्या माणसाची आठवण त्याहून वाईट प्रकारेही राहू शकते. मारिओ मेंडोझा हा मेक्सिकोचा खेळाडू १९७४ ते १९८२ मेजर लीगमध्ये राहिला तो फक्त फिल्डिंगच्या जोरावर. १९७९ मध्ये त्याची सरासरी ०.१९८ झाली, आणि ०.२०० च्या खाली जाणं म्हणजे ‘मेंडोझा लाइन’च्या खाली जाणं, असा वाक्प्रचार झाला. आपल्याकडे चाळीस मार्कांना असतं तसं. दुसरा टोकाचा नमुना प्वेर्तो रिकोचा होसे ओकेंडो. १९८८ मध्ये सेंट लुईसकडून तो नऊच्या नऊ जागांवर खेळला. मे महिन्यात १९ इनिंग चाललेल्या एका सामन्यात सगळे पिचर संपल्यावर त्याला पिचिंगही करावं लागलं. चार इनिंग टाकल्या आणि पराभवही त्याच्याच नावावर लागला. हरकाम्याला असंच असतं.

पुढे दिवस बदलले. बेन झोब्रिस्टने २००९ मध्ये टॅम्पा बे संघाकडून निरनिराळ्या जागांवर खेळत २७ होम रन मारले आणि लोकांच्या लक्षात आलं की असा माणूस रोजच्या नऊ जणांतही हवा. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच. २०२२ पासून गोल्ड ग्लव्हमध्ये युटिलिटी खेळाडूसाठी वेगळं बक्षीस आहे. हरकाम्याचा हरहुन्नरी झाला म्हणायचा. मात्र ही नवी मंडळी रोज खेळतात. सोहोच्या पिढीची बसून राहण्याची कला त्या बक्षिसात मोजली जात नाही.

आणि या नोकरीत पोटाचा प्रश्नही आहेच. मेजर लीगच्या संघात एक दिवस काढला तरी आयुष्यभराच्या आरोग्य विम्याचा हक्क मिळतो, ४३ दिवस भरले की पेन्शनचा, आणि पूर्ण पेन्शनला दहा वर्षं लागतात. म्हणून बाकावर बसलेल्या माणसाला नुसतं बसू दिलं हीसुद्धा मोठी गोष्ट असते. छोट्या लीगमध्ये परत पाठवणं किंवा वेव्हरवर टाकणं म्हणजे त्या दिवसांची मोजणी थांबणं. सोहो इतकी वर्षं टिकला याचं कारण मला तरी हेच दिसतं की जी जागा रिकामी असेल ती त्याची, आणि कुठलीच नसेल तर बाक त्याचा.

त्या फटक्यानंतर यँकीजने त्याला २००१ साठी ठेवलं. सरासरी झाली ०.१६५, मेंडोझा लाइनच्या कितीतरी खाली. २००२ मध्ये यँकीजच्या नॉर्विचच्या डबल-ए संघाचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच वर्षी त्या संघाने ईस्टर्न लीग जिंकली. पुढे तो यँकीजचा थर्ड बेस कोच झाला आणि २००६, २००९ व २०१३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये व्हेनेझुएलाचा मॅनेजरही. पण त्याआधी, सप्टेंबर २००३ मध्ये, खेळणं सोडून दोन वर्षं होत आलेली असताना, यँकीजला इनफिल्डमध्ये माणूस कमी पडला. त्यांनी सोहोलाच बोलावलं. तो आला, तीन सामने खेळला. एकही हिट मिळाली नाही.